बुटक्या टोमॅटोंबद्दल काकूंना जाहीर आभार

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र. ते चारचौघांत लिहितेय याचं कारण वेगळं आहे. गॅलरीत किंवा अंगणाच्या एका कोपऱ्यात टोमॅटो लावू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझाच प्रश्न पडतो, आणि तुम्ही त्याचं जे उत्तर दिलंत ते बियांच्या पाकिटावर सहसा छापलेलं नसतं. तुमचं नाव घालत नाही. घातलं तर तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे.

मी विचारलं होतं, 'कुंडीत येईल अशी एखादी चांगली जात सांगा ना.' तुम्ही नाव सांगितलंच नाहीत. उलट मलाच विचारलंत की ऊन किती तास येतं, जास्तीत जास्त केवढी कुंडी मावेल, आणि फळं एकदम हवीत की हंगामभर थोडी थोडी. नाव मिळालं असतं तर मी ते बी आणून पेरून मोकळी झाले असते. तुमच्या प्रश्नांमुळे मला निवड करता आली. पहिला आभार त्याबद्दल.

दुसरा आभार त्या संध्याकाळच्या शिकवणीबद्दल. टोमॅटोचं झाड लहान राहण्याची कारणं निरनिराळी असतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. एका प्रकारात झाड ठरावीक उंचीला आलं की शेंड्यावर फुलोरा येतो आणि वाढ थांबते. 1914 साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये आपोआप झालेल्या एका जनुकीय बदलातून हा गुण आला, आणि पुढे एकदम तोडणी करता यावी म्हणून शेतीत तो भरपूर वापरला गेला. अशी झाडं आटोपशीर असतात खरी, पण त्यांची बरीचशी फळं थोड्या दिवसांत एकदमच पिकतात. साठवणीची चटणी करणाऱ्याला हे सोयीचं आहे. मला रोजच्या रोज दोन-चार टोमॅटो हवे होते.

खऱ्या बुटक्या जातींची गोष्ट वेगळी. त्यांच्या शेंड्याची वाढ थांबत नाही, फक्त गती मंदावते. खोडाची पेरं आखूड राहतात, कारण वाढीसाठी लागणारं ब्रॅसिनोस्टेरॉइड नावाचं संप्रेरक झाडात पुरेसं तयार होत नाही. त्यामुळे उंच जात डोक्याच्या वर जाते तेव्हा ही जेमतेम कमरेच्या आसपास असते, साधारण तीन ते चार फूट. आणि तरीही हवा साथ देईल तोवर फुलत राहते. 'एका हंगामात संपणार, पण घाई करणार नाही,' असं तुम्ही म्हणाला होतात. माझ्या तिसऱ्या उत्तराला हीच जात जुळत होती.

मग राहिली मायक्रो मंडळी. फ्लोरिडा विद्यापीठाने 1989 मध्ये आणलेलं मायक्रो टॉम जेमतेम वीतभर वाढतं. त्याच्यात वाढ थांबण्याचा आणि बुटकेपणाचा, असे वरचे दोन्ही बदल आहेत, आणि ते इतकं चटकन फळाला येतं की जगभरच्या प्रयोगशाळा टोमॅटोच्या अभ्यासासाठी तेच वापरतात. खिडकीच्या कठड्यावर दोन-तीन लिटरच्या कुंडीत ते मजेत राहतं. चवीच्या बाबतीत मात्र तुमचं मत स्पष्ट होतं: 'बघायला लाव, खायला दुसरं लाव.' मी दोन्ही लावली. मायक्रो टॉमबद्दल माझंही मत आता तेच आहे, पण पाहुण्यांची मुलं सगळ्यात आधी त्याच्याकडेच धावतात.

रोपांच्या ट्रेसमोर तुम्ही मला बसवलंत ते मी विसरणार नाही. उंच आणि बुटक्या जातींच्या संकराचं दुसऱ्या पिढीचं बी तुम्ही पेरलं होतंत. ट्रे डोळ्यांच्या पातळीवर धरून म्हणालात, 'शोध.' बहुतेक रोपं सडपातळ होती, फिक्या हिरव्या पानांची, दोन पानांत चांगलं बोटभर अंतर असलेली. मधूनच एखादं ठेंगणं. त्याचं खोड जाड, पानं काळपट हिरवी, आणि पानांच्या पृष्ठभागावर सुरकुत्या, ओला कागद वाळल्यावर आखडतो तशा. नवख्या माणसाला ते रोगटच वाटावं. तुमचं बोट बरोबर त्याच्यावर. बुटकेपणाचा गुण अप्रभावी, म्हणजे दोन्ही पालकांकडून आला तरच दिसणारा, म्हणून पहिल्या पिढीत सगळी रोपं उंच निघतात आणि दुसऱ्या पिढीत साधारण चारातलं एक बुटकं. फळाची वाट न पाहता, रोप तळहाताएवढं व्हायच्या आत निवड करता येते. शाळेत वाटाण्याच्या तक्त्यावर घोकलेला मेंडेल मला त्या ट्रेपाशी पहिल्यांदा कळला.

एवढ्या बुटक्या जाती आल्या कुठून, हेही तुमच्याकडूनच समजलं. पूर्वी बुटकी जात म्हणजे थोडीच नावं आणि बेताची चव. 2005 च्या सुमारास अमेरिकेतले क्रेग लहुलियर आणि ऑस्ट्रेलियातल्या पट्रिना नुस्के स्मॉल यांनी हौशी बागवानांना हाताशी धरून काम सुरू केलं. चवीला नावाजलेल्या जुन्या उंच जाती आणि बुटक्या जाती यांचा संकर करायचा, बुटकी रोपं निवडायची, आणि गुण स्थिरावेपर्यंत पिढ्यानपिढ्या बी धरत राहायचं. एका गोलार्धात हिवाळा असला की दुसऱ्यात उन्हाळा, म्हणून बी इकडून तिकडे पाठवून वर्षात दोन पिढ्या काढता यायच्या. 2010 पासून या जाती बाहेर पडू लागल्या आणि आज त्यांची संख्या शंभरावर आहे. कुणी पगार घेतला नाही. तुम्ही हे सांगताना तुमचा आवाज जरा चढला होता, आणि का चढला तेही मला कळलं.

त्यातून मी तीन निवडल्या. जांभळट फळांची रोझेला पर्पल, तपकिरी लाल टास्मानियन चॉकलेट आणि पिकल्यावरही हिरवीच राहणारी ड्वार्फ एमरल्ड जायंट. शेवटच्या जातीला तुमचा विरोध होता. रंग बदलत नाही तर पिकलं कधी ते नवीन माणसाला कसं कळणार, हा तुमचा मुद्दा. पण तुम्हीच शिकवलंत की फळ तळाशी हलकेच दाबून मऊ लागतं का ते बघायचं. आता घरातल्या कुणालाही मी ते तोडू देत नाही. चवीच्या बाबतीत मात्र रोझेला पर्पलच्या जवळपासही कुणी नाही, यावर आपलं एकमत आहे.

कुंडीबद्दल तुम्ही हटून बसलात हे फार बरं केलंत. झाड बुटकं म्हणून मुळंही थोडकी असतील, हा समज सगळीकडे आहे. खरं तर खोड ठेंगणं असलं तरी पानांचा पसारा दाट आणि फळं भरदार असतात, त्यामुळे पाणी भरपूर लागतं. वीस लिटरच्या खाली जाऊ नकोस, असं तुम्ही बजावलंत. लहान कुंडी दुपारपर्यंत वाळते, संध्याकाळी आपण ती भिजवतो, आणि अशा चढउतारात फळापर्यंत कॅल्शियम नीट पोचत नाही. मग फळाचं बूड काळं पडतं. लोक औषध फवारत बसतात, पण उपाय बहुतेक वेळा पाण्याच्या झारीत असतो.

एक काठी आणि सुतळी पुरते, मांडव लागत नाही. मातीला टेकलेली खालची पानं काढून टाकायची, म्हणजे करपा वर चढायला वेळ लागतो. पानं दाट असल्याने आत हवा खेळती राहिली पाहिजे, म्हणून दोन कुंड्यांत हातभर अंतर. भर उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या पुढे गेला आणि रात्रीही उतरला नाही की फुलं गळतात. तेव्हा खत वाढवून काही होत नाही, थांबायचं असतं. आणि वारा नसलेल्या बंद गॅलरीत सकाळी फुलांच्या घोसाला हलकी टिचकी मारायची. टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, परागकण नुसते झटकले गेले की काम होतं. ही टिचकी मला सगळ्यात आवडते. चहा व्हायच्या आत तीन कुंड्या होतात.

या जाती सरळ वाणाच्या, म्हणजे बी पेरलं की तसंच झाड देणाऱ्या, असल्यामुळे बीही धरलंय. गर भांड्यात काढून दोन-तीन दिवस आंबू दिला, वर पांढुरकी साय आली की धुऊन, बशीत पसरून सावलीत वाळवलं. तिन्ही जातींच्या पुड्या वेगवेगळ्या, वर नाव आणि वर्ष. रोझेला पर्पलच्या दोन पुड्या तुमच्यासाठी बाजूला ठेवल्या आहेत. एमरल्ड जायंटची एक पाठवतेच आहे, तुमचा विरोध असला तरी.

पुढच्या हंगामात एका कुंडीची जागा रिकामी आहे. ऊन सहा तास, कुंडी वीस लिटरची, आणि यंदा पिवळं फळ हवंय. ड्वार्फ स्वीट स्यू मनात आहे. यावेळी प्रश्न विचारू नका, हो की नाही तेवढं कळवा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची