जमीन घेतली म्हणजे देश मोठा झाला असं नसतं

संपादक महोदय,

तुमच्या पेपरात गेमिंगवर जे काही येतं ते बहुतेक गोळीबाराच्या नाहीतर रेसिंगच्या गेमवर असतं. ऑनलाइन देश उभारायचे जे स्ट्रॅटेजी गेम आहेत, २००४ पासून चालू असलेलं ट्रॅव्हियन, २००६ चं सायबर नेशन्स, त्यांच्याबद्दल कुणीच लिहीत नाही, आणि नवीन पोरं तिथे येऊन सगळी एकच चूक करतात म्हणून हे पत्र. आल्या आल्या जमीन घ्यायची.

मी पण तेच केलं होतं. एका गेममध्ये सुरुवातीचं प्रोटेक्शन (नव्या खेळाडूवर काही दिवस कुणी हल्ला करू शकत नाही ते) चालू होतं तेवढ्यात मिळेल तितकी जमीन घेत सुटलो, रँकिंगमध्ये देशाचं नाव रोज वर सरकत होतं आणि ते बघायला खूप भारी वाटायचं. पण जमिनीने स्कोअर वाढतो आणि स्कोअर वाढला की आपण आपल्यापेक्षा तगड्या देशांच्या हल्ल्याच्या रेंजमध्ये जातो, हे डोक्यातच आलं नाही. प्रोटेक्शन संपल्यावर घाबरून सगळा खजिना सैन्यात घातला. तीन दिवसांनी लॉगिन केलं तर खजिना शून्य, पगार थकलेले, अर्धे सैनिक सोडून गेलेले आणि खाली दोन हल्ल्यांचे रिपोर्ट. फार वाईट वाटलं होतं.

सैन्य घेताना सगळे भरतीची किंमत बघतात, रोजचा खर्च कुणी बघत नाही, खरी गोम तिथेच आहे. ट्रॅव्हियनमध्ये रोमन लोकांचा एक लिजनेअर, म्हणजे साधा पायदळ सैनिक, तासाला १ धान्य खातो, पण इक्विटेस सिझारिस हा घोडेस्वार तासाला ४ खातो. असे १०० उभे केले की तासाला ४००, दिवसाला ९६०० धान्य, लढाई होवो न होवो. पहिल्या गावात एकूण १८ शेतं-खाणी असतात आणि त्यातली धान्याची फक्त ६. कोठार रिकामं झालं की सैनिक उपाशी मरायला लागतात. अलायन्सवाल्यांनी, म्हणजे आपल्या गटातल्या खेळाडूंनी, मदतीला पाठवलेलं सैन्यसुद्धा तुमच्याच कोठारातलं खातं, हे तर कितीतरी जणांना माहीतच नसतं आणि मग मदत मागून उलटं नुकसान होतं.

म्हणजे जमीन फालतू आहे असं नाही हां. पॉलिटिक्स अँड वॉर या अशाच गेममध्ये इन्फ्रा (शहरातलं बांधकाम आणि सोयी) वाढवलं की लोकसंख्या वाढते, पण जमीन कमी पडली तर दाटी होते, रोगराई वाढते आणि माणसं मरतात. तिथे जमीन घ्यावीच लागते, फक्त आधी इन्फ्रा वाढवायला पैसा येतोय का ते बघून, नाहीतर रिकामा माळ सांभाळत बसायचं.

आणि दुसऱ्या टोकाचे पण आहेत, इकॉनॉमी इकॉनॉमी करत आर्मी शून्य ठेवणारे. त्यांच्याकडे रेड करणारे अक्षरशः रोज ठरल्या वेळी येऊन लूट घेऊन जातात. माझ्या मते सैन्य एवढंच हवं की हल्ला करणाऱ्याला लुटीपेक्षा नुकसान जास्त व्हावं, जिंकायची गरज नाही, त्याने शेजारचा देश शोधला तरी पुरे. आणि झोपायच्या आधी खजिना इमारतींवर खर्च करून टाकायचा, कारण जे शिल्लकच नाही ते कुणी नेऊ शकत नाही. ही एक सवय लावली तर निम्म्या सैन्यात भागतं.

सगळ्यात जास्त दुःख याचं होतं की पहिला मार खाल्ला की पोरं देश टाकून निघून जातात, ज्यांनी आठवडाभर मन लावून शहरं बांधलेली असतात ती सुद्धा. त्यांना कुणी वेळेवर सांगितलेलंच नसतं. तुम्ही या गेमसाठी एखादा कॉलम सुरू केलात तर पहिल्या भागात प्लीज सैन्याच्या रोजच्या खर्चाचं गणित घ्या, माझ्याकडे जुन्या रिपोर्टचे स्क्रीनशॉट आहेत, लगेच पाठवतो.

तुमचा एक नियमित वाचक