आमच्या मदतनीस काकींना

प्रिय काकी,

या महिनाअखेरीला तुम्ही निवृत्त होताय. शाल-श्रीफळ होईल, चार माणसं दोन शब्द बोलतील. तुम्ही इतकी वर्षं खिचडी रांधलीत, अंगणवाडी झाडून-पुसून लख्ख ठेवलीत, वाडीवाडीतून पोरं गोळा करून आणलीत, हे सगळं त्यात येईल आणि ते खरंच आहे. पण तुम्ही या पोरांना हवामान शिकवलंत, हे कोणी बोलणार नाही. कुठल्याच रजिस्टरात त्याला रकाना नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं उघडपणे लिहितेय.

आपल्या भिंतीवर हवामानाचा तक्ता आहे: सूर्य, ढग, छत्री, स्वेटर. रोज एका मुलाने बाण फिरवायचा. साडेतीन वर्षांचं मूल बाण नेतं कुठे? जे चित्र आवडतं तिथे. बाहेर आभाळ भरून आलं असलं तरी तक्त्यावर हसरा सूर्य. एकदा तांदूळ निवडता निवडता तुम्ही म्हणालात, "आधी बाहेर जाऊन ये रे, अंगाला काय लागतं ते सांग, मग फिरव." तेव्हापासून आपल्याकडे बाणाआधी पडवीत उभं राहायचं. डोळे मिटायचे. वारा लागतो का, कुठल्या गालाला? पायाखालचा चिरा गार की कोमट? घाम सुकतोय की चिकटतोय? मग डोळे उघडायचे. सूर्याकडे कधीच बघायचं नाही, सावलीकडे बघायचं, हा नियमही तुमचाच. सावली ठळक आहे, पुसट आहे की नाहीच, एवढ्यावरून चार वर्षांचं पोर ढगांबद्दल बरोबर बोलतं.

मला सगळ्यात आवडतो तो मिठाचा धडा. मृग जवळ आला की तुम्ही ओट्यावरची बरणी खाली घेता आणि प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवता. बोटांनी चोळा, मग जिभेला लावा. थंडीत हेच मीठ हातावरून सुळकन घसरलेलं असतं. आता ते ओलं होऊन बोटांना चिकटतं. शेजारी सकाळी भाजून उघडा ठेवलेला पापड. एका मुलीने तो कानाजवळ धरून मोडायला घेतला. कटकन आवाज यायचा तर पापड नुसताच वाकला. ती तुमच्याकडे बघत म्हणाली, "काकी, पापड भिजला. पण पाणी कुठाय?" तुम्ही म्हणालात, "हवेत." तिने लगेच हवेत हात फिरवून पाहिला आणि तळवा निरखला. आर्द्रता म्हणून हीच गोष्ट तिला काही वर्षांनी भूगोलात भेटेल, तेव्हा ती तिच्या ओळखीची असेल.

तीच गोष्ट वाऱ्याची. काठीला बांधलेली तुमच्या जुन्या लुगड्याची पट्टी थंडीत सकाळी समुद्राकडे फडफडते आणि खिचडीच्या वेळेपर्यंत डोंगराकडे वळते. मतलई वारे, खारे वारे ही नावं तुम्ही सांगितली नाहीत, मीही नाही. "वारा फिरला" एवढं पोरांना पुरतं. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते म्हणून हे होतं, पण ते समजायला त्यांना अवकाश आहे. तरी उन्हात ठेवलेल्या वाळूच्या घमेल्यात आणि पाण्याच्या बादलीत हात घालून, आधी कोण तापलं हे ती आत्ताच सांगतात.

पहिल्या पावसाच्या वासाबद्दल मी वाचलं होतं. मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात आणि आपलं नाक ते अगदी नगण्य प्रमाणातही पकडतं. तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही लगेच म्हणालात, "म्हणूनच पलीकडच्या वाडीत पडला की इथे कळतं." दुसऱ्या दिवसापासून पोरं नाक वर करून वाऱ्याच्या दिशेला उभी. पावसाचा आवाज पत्र्यावर कसा, कौलांवर कसा, अळूच्या पानावर कसा, हे ओळखायचा खेळ तर त्यांना आता माझ्यापेक्षा चांगला येतो. आणि गडगडाट ऐकू आला की खेळ तिथेच थांबवून सगळे आत, यात तुम्ही कधी सूट दिली नाहीत. त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे.

आम्हाला प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल सांगतात. १९४५ साली बोर्डीला त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, शंख-शिंपले, बिया, पानं यांतून शिकवलं. त्या प्रशिक्षणाला तुम्ही नव्हतात. तरी त्या कामाची वाट तुम्ही आपल्या स्वयंपाकघरातून धरलीत. लहान मुलांना हवामान शिकवायचं तर तक्ता शेवटी यावा, आधी कातडी, नाक, कान, जीभ, हे मला तुमच्याकडून पक्कं कळलं. माझ्या बीटमधल्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटातल्या, प्रत्येक सेविकेला मी हे सांगते, तुमच्या नावानिशी.

तुमच्या जागी नव्या मदतनीस येतील. त्यांच्यासाठी मी एका वहीत हे सगळं महिन्यांप्रमाणे लिहून काढतेय. पावशा आपल्याकडे कधीपासून ओरडू लागतो आणि मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की तुम्ही पोरांना नेमकं काय बघायला लावता, ही दोन पानं कोरी आहेत. सवडीने या आणि सांगा. पोरं वाट बघतील.

मनापासून आभार, काकी.

तुमची,
अंगणवाडीची ताई