मंत्रिमहोदय, शेवेत तार निघणार हे विकत घेतानाच कसं कळावं?

मा. मंत्री,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी सेलूचा, जिल्हा परभणी. गेल्या महिन्यात बारीक शेवेचा पाव किलोचा बंद पुडा आणला. संध्याकाळी आई चुरमुऱ्यात शेव कालवून खात होती. मधेच थांबली, तोंडात बोट घातलं आणि पेराएवढा, पीळ पडलेला तारेचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. हिरडीला खरचटलं, बाकी निभावलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एखादा पोटात गेला असंल, दोन केळी चारा, निघून जाईल." केळी राहू दिली, एक्स-रे काढून आणला. पोट साफ होतं.

पुडा घेऊन दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस. "सर, तो टाका इकडं, दुसरा घ्या की." निम्मी माणसं इथंच गप्प होतात. पुडा परत गेला की पुरावाही गेला. मी दिला नाही. तार न धुता डबीत ठेवली, उरलेली शेव त्याच पुड्यात तोंड बांधून. बॅच क्रमांकाचा आणि 14 अंकी परवाना क्रमांकाचा फोटो काढला. बिलासाठी मात्र पुन्हा हेलपाटा. पाव किलो शेवेचं बिल आमच्याकडं मागतं कोण!

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग रजा टाकून एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथं उत्तर मिळालं, फोडलेला पुडा नमुना म्हणून चालत नाही.

म्हणून कायदाच वाचला. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 40 प्रमाणे साधा ग्राहकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. पण एक अट आहे: तसा इरादा विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचा. साहेब, शेव घेताना "ही मी तपासायला नेतोय" असं कोण म्हणेल? तार दातांखाली आल्यावरच कळते. त्याच कायद्यात कलम 54 आहे, अन्नात बाह्य पदार्थ सापडला तर 1 लाख रुपयांपर्यंत दंड. पण तो पदार्थ दाखवायचा कुणाला?

कायदा दिल्लीचा, हे मला कळतं. अंमलबजावणी मात्र आपल्या खात्याची. प्रत्येक जिल्ह्यात फोडलेला पुडा आणि त्यातली वस्तू सीलबंद करून घ्या, लेखी पोच द्या. अधिकाऱ्यानं त्याच बॅचचे बंद पुडे दुकानातून उचलावेत, पण तेवढ्यावर थांबू नये. एका पुड्यातली तार दुसऱ्यात सापडेलच असं नाही, आणि तो नमुना स्वच्छ निघाला की प्रकरण मिटतं. कारखान्यात जाऊन झारे, चाळण्या, तारेच्या घासण्या बघितल्या तर तार कुठून तुटली ते कळेल.

उपवासाच्या भगरीनं माणसं दवाखान्यात भरती झाली की आपलं खातं धावतं, छापे पडतात. एका म्हातारीच्या हिरडीसाठी तेवढी धावपळ नको. एक खिडकी पुरे.

तार अजून डबीत आहे, पुडा फ्रिजच्या वरच्या कप्प्यात. कुठं आणून द्यायचा, तेवढं कळवावं.

आपला,
एक ग्राहक, सेलू