हार्ड डिस्क पुसू नकोस

डोंबिवली,
रविवार रात्र

प्रिय सुध्या,

तुझा मेसेज वाचला. 'गणूकाका गेले, आता कशाची फिल्म?' म्हणून तू त्यांच्यावरच्या माहितीपटाचं शूटिंग असलेली हार्ड डिस्क पुसून लग्नाच्या ऑर्डरींना घेणार. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट काल परत बघितला. पहिल्यांदा आपण मध्येच चहाला उठलो होतो, आठवतं? काल जागचा हललो नाही. 1985 मध्ये मुंबईतल्या झोपड्यांच्या पाडापाडीवर त्यांनी 'हमारा शहर' केला, त्यात विलास घोगरे हा शाहीर गातो. बारा वर्षांनी, 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा माणसं गेली. चार दिवसांनी विलासने झोपडीत गळफास घेतला. लाल झेंड्याची गाणी गाणाऱ्या या माणसाने मरताना डोक्याला निळं फडकं बांधलं होतं. ते का, हे शोधत पटवर्धन चौदा वर्षं कॅमेरा घेऊन फिरले. खैरलांजीचं दलित हत्याकांड, पुण्याच्या कबीर कला मंचाची गाणारी पोरं, सगळं त्यात येत गेलं. म्हणजे तुझी फिल्म जिथे संपली म्हणतोस, तिथे त्यांची सुरू झाली. (थोडी लांबलीये, खरं सांगतो. मी वीस मिनिटं उडवली असती. पण मी साखरपुडे एडिट करणारा माणूस.)

काकांच्या मुलीने तुला विचारलं, 'आमचं शूटिंग करून तुला काय मिळतं?' आणि तेव्हापासून तू त्या गल्लीत गेला नाहीस. 'हमारा शहर'मध्ये एक बाई खुद्द पटवर्धनांनाच हे सुनावते, गरिबांचे फोटो काढून नाव कमावता म्हणून. त्यांनी ते कापलं नाही. उत्तर त्यांच्याकडेही नसावं. तू निदान परत जा, आणि ती पुन्हा बोलली तर कॅमेरा बंद करू नकोस.

पैशांचं रडगाणं मला सांगू नकोस. जयप्रकाश नारायणांच्या बिहार आंदोलनावरची पटवर्धनांची पहिली फिल्म बरीचशी सुपर-8 वर, म्हणजे हौशी लोकांच्या छोट्या फिल्मवर घेतलेली. ती पडद्यावर लावून पुन्हा 16 मिलिमीटरवर टिपली. आणीबाणी आली तेव्हा प्रिंटचे तुकडे करून देशाबाहेर धाडली. पुढे 'जंग और अमन'ला सेन्सॉरने 21 कट सांगितले, तर गडी हायकोर्टात गेला आणि एकही कट न देता फिल्म सोडवून आणली. आणि तुझं रेंडर रात्रभर चालतं म्हणून तू वैतागतोस!

शनिवारी इचलकरंजीला येतोय. काका माग बंद करून तपकीर ओढतात आणि शेडमध्ये एकदम शांत होतं, तो तुकडा आधी लाव. काकूंना सांग, जेवायला आहे. आणि माझा ट्रायपॉड काढून ठेव, 18 तारखेला अंबरनाथला हळद आहे.

तुझा,
मंग्या