‘अल जझीरा’ आणि कोल्हापूरचा एक जुना खटला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पश्चिम आशियाच्या बातम्यांत ‘अल जझीराच्या वृत्तानुसार’ हे शब्द हल्ली मराठी दैनिकांतही वारंवार दिसतात. ही वाहिनी कोणाची आणि तिच्या शब्दाला एवढे वजन कशामुळे आले, हे मात्र वाचकाला क्वचितच सांगितले जाते; म्हणून हे पत्र.

कतारचे तत्कालीन अमीर शेख हमद बिन खलिफा अल थानी यांच्या सरकारने दिलेल्या ५० कोटी रियालच्या बळावर १ नोव्हेंबर १९९६ रोजी ही वाहिनी दोह्यातून सुरू झाली. त्याच वर्षी सौदी मालकीच्या भागीदार कंपनीशी बिनसल्याने बीबीसीची अरबी दूरचित्रवाणी बंद पडली होती आणि तेथे तयार झालेले कित्येक पत्रकार दोह्याला आयते मिळाले. तोवर सरकारी वाहिन्यांवर राज्यकर्त्यांच्या भेटीगाठी पाहत आलेल्या अरब प्रेक्षकासमोर विरोधक, परागंदा नेते, इतकेच नव्हे तर इस्रायली प्रवक्तेही थेट वाद घालू लागले. ‘मत आणि दुसरे मत’ हे तिचे ब्रीद होते, आणि प्रक्षेपण उपग्रहावरून होत असल्याने शेजारच्या राजधान्यांना ते सहजी रोखता येईना.

या ठिकाणी मला आपल्या शहराशी निगडित खटला आठवतो. कोल्हापूर संस्थानचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्या होत असलेल्या छळाविषयी कोल्हापुरात उघड बोलणे कठीण होते. ते लिहिले पुण्याच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी. संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. ज्या पत्रांच्या आधारे मजकूर छापला ती बनावट ठरली, हेही येथे नमूद केले पाहिजे. बाहेरून बोलणाऱ्याचे महत्त्व आणि त्याच्यावरील पडताळणीची जबाबदारी, दोन्ही त्या एका प्रकरणात दिसतात.

अल जझीराच्या माणसांनी तर प्राण दिले आहेत. ८ एप्रिल २००३ रोजी बगदादच्या कार्यालयावरील अमेरिकी हल्ल्यात तारिक अय्यूब मारले गेले. ११ मे २०२२ रोजी पॅलेस्टाईनच्या वेस्ट बँक भागातील जेनिनमध्ये वार्तांकन करताना शिरीन अबू अक्लेह यांना गोळी लागली. २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारची कोंडी करून पुढे केलेल्या १३ मागण्यांत ही वाहिनी बंद करण्याची मागणी होती. तिची धास्ती किती होती, हे सांगायला एवढे पुरे.

तरीही २०११ मध्ये ट्युनिशिया, इजिप्त आणि लिबियातील उठाव दिवसरात्र दाखवणाऱ्या अरबी वाहिनीने बहरीनमधील आंदोलनाबाबत हात आखडता घेतला, ही टीका मला रास्त वाटते. फुटबॉल विश्वचषकासाठी कतारमध्ये राबणाऱ्या परदेशी मजुरांचे हाल लावून धरण्यात ब्रिटिश वृत्तपत्रे पुढे होती. माझा पुतण्या दोह्यात बांधकामावर आहे, त्यामुळे ही उणीव मला दूरची वाटत नाही.

म्हणून विनंती अशी की, या वाहिनीचा हवाला देताना ‘कतार सरकारच्या पैशावर चालणारी’ असा उल्लेख करावा. वृत्त मूळ अरबी वाहिनीचे की २००६ मध्ये सुरू झालेल्या इंग्रजी वाहिनीचे, हे लिहावे, कारण दोघींचा सूर नेहमी एक नसतो. आणि बातमी खुद्द कतारविषयी असेल तेव्हा दुसरा एखादा स्वतंत्र आधार जोडल्याशिवाय ती छापू नये.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
राजारामपुरी, कोल्हापूर