आईंच्या रिकाम्या बाटल्या बाजूला ठेवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

प्रिय डॉक्टर मॅडम,

समोर बसले की माझा आवाज चिरकतो, म्हणून लिहितेय.

त्या दिवशी आम्ही खरं तर मुलाला घेऊन आलो होतो. गळा सुजलेला, नाडी पळतेय, वर्गात एका जागी बसत नाही, शाळेतून रोज तक्रार. सासूबाई सोबत आल्या होत्या त्या नातवाच्या काळजीपोटी. तुम्ही त्याचे रिपोर्ट पाहिलेत, मान वर केलीत आणि कोपऱ्यात बसलेल्या आईंच्या गळ्यावरचा जुना व्रण तुम्हाला दिसला. खुर्ची ओढून त्यांच्याजवळ गेलात. "आई, हात लावू का गळ्याला?" असं विचारलंत. इतकी वर्षं दवाखाने झाले, पण त्यांना आधी विचारून हात लावणारं कुणी भेटलं नव्हतं.

मग आईंनी ती पिशवी काढली. थायरॉइडच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या, प्रत्येकीवर उघडल्याची तारीख. तरुणपणी गलगंड म्हणून ऑपरेशन झालं, तेव्हापासून रोज पहाटे उपाशीपोटी गोळी, पुढे तासभर चहाचा घोट नाही. तरी रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला "आणखी बनव" असं सांगणारा मेंदूकडचा निरोप, खाली येईना. "आजी गोळ्या फेकून देतात" असं एका मोठ्या डॉक्टरांनी आमच्यादेखत सांगितलं आणि पाहुण्यांत ते पसरायला वेळ लागला नाही. तेव्हापासून आई बाटल्या जपायला लागल्या. तुम्ही पिशवी हळूच बाजूला ठेवलीत. म्हणालात, "पुरावा नको मला. तुम्ही गोळ्या घेत होता. तुमच्या शरीराला त्या कमी पडत होत्या."

आई घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री मात्र दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तुम्ही समजावलंत ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. आजाराचं नाव थायरॉइड हार्मोन रेझिस्टन्स, म्हणजे शरीर थायरॉइडच्या हार्मोनला पुरती दाद देत नाही. हार्मोनचं टपाल शरीराच्या घरी रोज येतंय, पण घरातल्या काहींना ते वाचताच येत नाही, म्हणून मेंदू आणखी टपाल मागवत राहतो. हृदयाला मात्र नीट वाचता येतं, ते बिचारं सगळ्यांच्या वाटचं धावतं. म्हणूनच मुलाची टी३, टी४ ही थायरॉइडची हार्मोन्स चढलेली आणि तरी टीएसएच दबलेलं नाही. ही एवढी विसंगती आधीच्या कुणाला खटकली नाही! सरळ हायपरथायरॉइड, म्हणजे थायरॉइड जास्त चालतंय, असं ठरवून मुलाला ते दाबणारं कार्बिमाझोल सुरू केलं, तर टीएसएच आणखी वर गेलं आणि गळा आणखी फुगला. पुढे ऑपरेशनची भाषा सुरू झाली होती. आईंचं झालं तेच त्याचं झालं असतं.

साधारण चाळीस हजारांत एखाद्यालाच असा आजार असतो, म्हणजे प्रत्येकाने तो पाहिलेला असेलच असं नाही, हे मला कळतं. पण शिकागोच्या डॉ. रेफेटॉफ यांनी तो १९६७ सालीच मांडला होता, असं तुम्हीच सांगितलंत. आणि माहीत नसेल तर "मला कळत नाही, पुढे दाखवा" म्हणायला काय पैसे पडतात? त्याऐवजी म्हातारीला खोटं पाडायचं!

जनुक तपासणीत आई, माझा नवरा आणि मुलगा, तिघांच्याही टीएचआरबी या, थायरॉइडचं हार्मोन ओळखायला लागणाऱ्या जनुकात तोच बदल निघाला. नवऱ्याची धडधड आम्ही इतकी वर्षं टेन्शनवर ढकलत होतो. आता त्याच्या हृदयावर लक्ष ठेवायचं आहे. मुलाचं कार्बिमाझोल बंद, नाडीसाठी प्रोप्रानोलॉल चालू. आईंचा डोस तुम्ही दमादमाने वाढवताय, आणि त्या दुपारी आडव्या न होता आता शेजारणीकडे भजनाला जातात. शाळेलाही तुम्ही स्वतः चिठ्ठी लिहून दिलीत. मुलगा अजूनही चुळबुळतो, पण बाई त्याला वर्गाबाहेर उभं करत नाहीत.

तुमची फी इतरांएवढीच आहे हो, मॅडम. आईंना आधी विचारून लावलेला तो हात कुठल्या बिलात येत नाही.

एक काम राहिलंय. माझ्या नणंदेला दिवस गेलेत. तिची तपासणी झालेली नाही, आणि तिच्यात बदल असेल तर बाळात यायची शक्यता निम्मी, हे तिला मी सांगितलंय. आधी डॉक्टर म्हटलं की ती अंग चोरायची. परवा तिचाच फोन आला, "आईची पिशवी बाजूला ठेवली त्याच मॅडम ना? मग येते." पुढच्या आठवड्यात घेऊन येतेय.

तुमची,
एका पेशंटची आई आणि एका पेशंटची सून