खाली उतरणारे शौर्य

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू लढाऊ विमानांविषयी भरभरून बोललीस, पण तुझ्या सगळ्या गोष्टी आकाशात विमानाशी विमान भिडण्याच्या होत्या. जमिनीवर वेढल्या गेलेल्या आपल्या सैनिकांसाठी जो वैमानिक शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यात खाली उतरतो, त्याच्याविषयी आज मला लिहावेसे वाटते.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानच्या सीमेजवळच्या लोंगेवालाच्या चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्यासोबत २३ पंजाब या पायदळाच्या पलटणीचे सुमारे १२० जवान होते आणि समोरून पाकिस्तानचे टी-५९ रणगाडे येत होते. जैसलमेरच्या तळावर मोजकीच हंटर विमाने होती. त्यांना रात्री लढता येत नसल्यामुळे चौकीला उजाडेपर्यंत तग धरणे भाग होते. खाली आपली माणसे झुंजत आहेत हे माहीत असताना विमानाशेजारी पहाटेची वाट पाहत थांबणे त्या वैमानिकांना किती जड गेले असेल!

५ तारखेला उजाडताच स्क्वाड्रन लीडर दास आणि फ्लाइट लेफ्टनंट गोसाईं यांची पहिली जोडी तेथे पोहोचली. खरी कसोटी इथून सुरू होते. रणगाडे चौकीच्या अगदी जवळ आलेले, धूर आणि धूळ उठलेली, आणि सेकंदाला सुमारे दोनशे मीटर वेगाने झेपावताना आपले कोण व परके कोण हे ओळखायला जेमतेम काही क्षण मिळतात. बोट चुकले तर आपलेच जवान मरतील, म्हणून शंका असेल तर गोळी न झाडता वर जायचे आणि पुन्हा त्याच माऱ्यात उतरायचे. पहिल्या झेपेत शत्रू बेसावध असू शकतो. नंतरच्या प्रत्येक झेपेला तो रणगाड्यांवरच्या मशीनगन वर रोखून वाट पाहत असतो. हे ठाऊक असूनही हंटर दिवसभर तळावर परतत होती, दारूगोळा भरून पुन्हा येत होती, आणि ३० मिलिमीटरच्या तोफांनी व रॉकेटांनी रणगाडे टिपत होती. पाकिस्तानी तुकडीच्या मदतीला त्यांची विमाने आली नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

मला सर्वांत जास्त आदर मात्र मेजर आत्मासिंग यांच्याविषयी वाटतो. त्यांचे कृषक हे छोटे, संथ, निःशस्त्र टेहळणी विमान. त्यातून रणांगणावर घिरट्या घालत ते हंटरच्या वैमानिकांना लक्ष्ये दाखवत होते. वेगाचे संरक्षण नाही, उलट मारा करण्याची सोय नाही.

तू सुट्टीत आलीस की आपण लोंगेवालाला जाऊ. तिथे शत्रूचे रणगाडे अजून ठेवलेले आहेत. पहाटेच पोहोचू आणि जैसलमेरच्या दिशेने तोंड करून उजाडेपर्यंत थांबू.

तुझे,
बाबा